सायकलच्या फ्रेमला तडा कुठे जातो आणि तो वेळेवर कसा पकडायचा

फ्रेम किंवा क्रँक (पायडल धरणारा दांडा) तुटून आली की बहुतेक वेळा एकच कारण सांगितलं जातं: खड्ड्यात आपटली आणि तुटली. तुटलेलं तोंड उजेडात धरून बघितलं तर वेगळंच दिसतं. तिथे दोन भाग असतात. एक गुळगुळीत, काळपट किंवा गंजलेला, आणि त्यावर एका टोकापासून पसरत गेलेल्या बारीक वक्र रेषा. दुसरा खडबडीत आणि चकचकीत, नुकताच फाटलेला. गुळगुळीत भागातून चीर कित्येक आठवडे, कधी महिने, थोडी थोडी पुढे सरकत होती. खड्ड्याने फक्त शेवटचा उरलेला भाग तोडला. हा गुळगुळीत भाग जितका मोठा, तितके दिवस ती चीर उघड्या डोळ्यांनी दिसू शकत होती आणि कोणी बघितली नाही.

म्हणून स्टील चांगलं की अॅल्युमिनियम, या वादापेक्षा चीर कुठे सुरू होते, कोणता धातू किती सवड देतो आणि ती शोधायची कशी, हे माहीत असणं आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं.

थकवा म्हणजे काय

बंधनतार एकाच जागी पुढे-मागे वाकवली की ती तुटते, हे सगळ्यांनी केलेलं असतं. फ्रेममध्ये फरक इतकाच की नळी डोळ्यांना दिसेल इतकी वाकत नाही. भार तिच्या ताकदीच्या बराच खाली असतो, पण तो लाखो वेळा येतो. मिनिटाला पायडलचे ८० फेरे धरले तर तासाला ४,८०० होतात. १०० किलोमीटरची राइड पाच तासांत केली तर २४,००० फेरे. वर्षाला ५,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे १२ लाख, आणि प्रत्येक फेऱ्यात डावा आणि उजवा असे दोन पाय जोर देतात. रस्त्याचे धक्के यात धरलेलेच नाहीत. आयएसओ ४२१० या मानकातल्या पायडल चाचणीत फ्रेमवर १ लाख वेळा भार देतात. तो भार १,००० न्यूटन किंवा त्याहून जास्त, म्हणजे उभं राहून पायडल दाबण्याइतका जड असतो. त्यामुळे १ लाखाला फ्रेमचं आयुष्य समजू नये. ती पास होण्याची किमान पायरी आहे.

रोज आरामात पेललेल्या भाराखालीच लोखंड कसं तुटतं, याचा पद्धतशीर अभ्यास पहिल्यांदा ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने १८५० आणि १८६० च्या दशकांत रेल्वेच्या आसांवर केला. त्यातून निघालेली गोष्ट सायकलला जशीच्या तशी लागू पडते: ताण निम्मा केला तर आयुष्य दुप्पट नाही, कित्येक पटींनी वाढतं. उलटही तितकंच खरं. एखाद्या जागी खाच, ओरखडा किंवा भोक असेल तर ताण तिथे एकवटतो आणि त्या जागेचं आयुष्य झपाट्याने घटतं. १९५४ मध्ये कॉमेट जातीची दोन प्रवासी विमानं हवेत फुटली, तेव्हा तपासात चिरांचं मूळ अॅल्युमिनियमच्या पत्र्यात कापलेल्या झरोक्यांच्या कोपऱ्यांपाशी सापडलं. सायकलवर तशा जागा पुष्कळ असतात: वेल्डची कड, बाटलीच्या स्क्रूचं भोक, सीटच्या क्लॅम्पची खाच, गंजाने पडलेला खड्डा, स्टँडच्या पत्तीने पडलेला पोचा.

कोणता धातू किती सवड देतो

स्टीलचा मोठा गुण म्हणजे त्याला थकव्याची खालची मर्यादा असते. ताण त्या मर्यादेखाली ठेवला तर कितीही आवर्तनं झाली तरी चीर पडत नाही. गुळगुळीत नमुन्यावर प्रयोगशाळेत ही मर्यादा साधारण तुटण्याच्या ताकदीच्या निम्मी निघते. चीर पडलीच तर चांगलं स्टील ती सावकाश पसरू देतं. फ्रेम करकरायला लागते, सायकल एका बाजूला ओढते, रंग फुटतो, आणि मग ती तुटते. ही सवड फार मोलाची आहे.

पण ही खालची मर्यादा कोरड्या, न गंजलेल्या स्टीलची आहे. गंज आणि ताण एकत्र आले की ती मर्यादा उरतच नाही. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या किनाऱ्यालगत खाऱ्या हवेत उभी राहणारी स्टीलची सायकल ‘आयुष्यभर चालते’ हे अर्धसत्य आहे. शिवाय गंज बाहेरून दिसतो त्यापेक्षा आतून जास्त असतो. पावसाचं पाणी सीट पोस्टच्या (सीटच्या दांड्याच्या) खाचेतून आत जातं आणि बीबीच्या (क्रँकचा आस बसतो त्या) नळकांड्यात साठून राहतं.

स्टीलमध्येही प्रकार आहेत. आपल्याकडच्या काळ्या, दांडीच्या सायकली साध्या स्टीलच्या जाड नळ्यांच्या असतात. नळ्या लगमध्ये (जोडावरच्या नळीदार खोबणीत) बसवून पितळाने जोडलेल्या असतात. ही फ्रेम जड असते, पण ताणाला पुरून उरते. क्रोमोली, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं ४१३० स्टील, बरंच ताकदवान असतं. म्हणून त्याच्या नळ्या पातळ ठेवता येतात. बटेड नळीत टोकांना जाडी ०.९ मिमी आणि मध्ये ०.६ मिमी अशी असू शकते, कारण ताण जोडापाशी जास्त आणि मध्ये कमी असतो. टोकाला जाड नळीची ही कल्पना जुनी आहे. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने तिचं पेटंट १८९७ मध्ये घेतलं आणि त्यांची प्रसिद्ध ५३१ नळी १९३५ मध्ये आली. पातळ नळीला गंज आणि पोचा मात्र फार महागात पडतो. जाड नळीतून गंजाने ०.२ मिमी खाल्लं तर फारसं बिघडत नाही, ०.६ मिमीतून तेवढंच गेलं तर तिसरा हिस्सा गेला.

अॅल्युमिनियमला अशी खालची मर्यादा नाही. ताण कितीही कमी असला तरी आवर्तनं मोजली जातच राहतात. ६०६१-टी६ या मिश्रधातूची वाकण्याची मर्यादा सुमारे २७६ मेगापास्कल, पण ५० कोटी आवर्तनं सोसायची तर ताण सुमारे ९७ मेगापास्कलपर्यंतच चालतो, तोही गुळगुळीत नमुन्यावर. वेल्डच्या कडेला त्याहून कमी. म्हणूनच अॅल्युमिनियमच्या नळ्या जाडजूड घेराच्या असतात: घेर वाढवला की ताण उतरतो आणि आयुष्य लांबतं. चांगली डिझाइन केलेली अॅल्युमिनियम फ्रेम दहा-पंधरा वर्षं सहज जाते, तेव्हा घाबरून विकून टाकायचं काही कारण नाही. मात्र चीर दिसली की तिच्याकडून सवड मागू नये, कारण ती स्टीलपेक्षा बरीच वेगाने धावते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. वेल्डशेजारचा पट्टा उष्णतेने मऊ पडतो. कारखान्यात ६०६१ ची फ्रेम वेल्ड झाल्यावर पुन्हा भट्टीत तापवून, पाण्यात विझवून, मग मंद आचेवर तासन्‌तास ठेवून ताकद परत आणतात. ७००५ ला शेवटची पायरी पुरते. कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे यातलं काहीच नसतं.

टायटॅनियम थकव्याच्या बाबतीत स्टीलसारखं वागतं आणि गंजत नाही. पण वेल्ड करताना दोन्ही बाजूंनी आरगॉन वायूचं आवरण कमी पडलं तर जोड ठिसूळ होतो. वेल्डचा रंग चांदीसारखा किंवा फिकट सोनेरी असेल तर ठीक. निळा, राखाडी किंवा पांढुरका असेल तर त्या जोडावर कायम नजर ठेवा. कार्बनचा विषय वेगळा आहे. तिथे धातूचा थकवा नाही, आघाताने आतले थर सुटणं हा धोका आहे. नाण्याने हलके टकटक करत नळीभर फिरायचं. टणक आवाज मध्येच बोदा झाला, किंवा अंगठ्याने दाबल्यावर जागा किंचित दबली, तर ती फ्रेम चालवू नये.

फ्रेम कशाची आहे हे कळत नसेल तर आधी लोहचुंबक लावा. चिकटला तर स्टील. न चिकटता नळ्या जाड आणि वेल्डचे मणी ठसठशीत असतील तर बहुधा अॅल्युमिनियम.

नजर कुठे ठेवायची

तडे वाटेल तिथे जात नाहीत. जागा ठरलेल्या आहेत, आणि त्याच क्रमाने बघत गेलं की पंधरा-वीस मिनिटांत फ्रेम तपासून होते.

सुरुवात पुढून करा. हेड ट्यूबला (हँडलखालच्या आखूड नळीला) डाऊन ट्यूब (तिथून खाली बीबीकडे जाणारी नळी) मिळते त्या जोडाची खालची बाजू ही सगळ्यात धोक्याची जागा, कारण इथे फ्रेम सुटली की माणूस थेट तोंडावर पडतो. समोरून धडक बसली असेल तर जोडापासून दोन-चार सेंटिमीटर मागे, डाऊन ट्यूबच्या खाली रंगाला आडव्या सुरकुत्या दिसतात, किंवा बोट फिरवल्यावर बारीक फुगवटा लागतो. नळी तिथे दबली आहे आणि चीर तिथूनच सुरू होणार. दांडीच्या खालच्या बाजूलाही तसंच बघा. डोळ्यांपेक्षा बोटाला हा फुगवटा आधी कळतो.

मग बीबी. सायकल उलटी करा आणि बीबीच्या नळकांड्याला चारही नळ्या जिथे मिळतात तिथल्या वेल्डच्या कडा बघा. उजवीकडचा, चेनच्या बाजूचा चेन स्टे (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) जास्त ताण घेतो. शिवाय मोठ्या चेनरिंगला (पुढच्या दातेरी चक्राला) जागा हवी म्हणून कारखान्यातच तो तिथे दाबून चपटा केलेला असतो. चेन आत पडून धातू खरवडला गेला असेल तर ती खाच म्हणजे चिरेचं तयार बीज आहे.

बीबीच्या मागे लगेच आपल्याकडची एक खास जागा येते: साइड स्टँड. दोन्ही चेन स्टे पत्तीत धरून बोल्ट कचकचून आवळला की पातळ नळी चेपते. पत्तीची धार रंग कापते, तिथे पाणी धरतं, गंज बसतो आणि उभ्या सायकलचं वजन त्याच जागी रोज हिसके देतं. स्टँड काढल्याशिवाय ही चीर दिसत नाही. वर्षातून एकदा स्टँड काढून बघाच, आणि परत लावताना मध्ये जुन्या ट्यूबचा रबरी तुकडा घाला. हलक्या फ्रेमला असा स्टँड लावूच नये. मागच्या ड्रॉपआउटजवळ (चाकाचा आस बसतो त्या खाचेजवळ) बसणारा स्टँड त्यापेक्षा बरा.

सीटच्या क्लॅम्पखालची खाच जिथे संपते तिथे बहुधा एक गोल भोक असतं. ते चीर पुढे जाऊ नये म्हणूनच ठेवलेलं असतं. त्या भोकाच्या खालच्या कडेला भिंगाने बघा. इथे आणि दांडीच्या जोडापाशी तडा जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सीट पोस्ट वर ओढून ठेवणं. लहान साइझची फ्रेम घ्यायची आणि सीट उंच करायची, असं सर्रास होतं. पोस्टवर किमान खुणेची रेघ असते, पण ती पोस्ट वाचवण्यासाठी. फ्रेम वाचवायची तर पोस्टचं खालचं टोक दांडीच्या जोडाच्या खालच्या कडेपलीकडे दोन-तीन सेंटिमीटर तरी गेलं पाहिजे, आणि एकूण १० सेंटिमीटर आत हवं. नाहीतर सगळं वजन सीट ट्यूबच्या वरच्या काठावर पहारीसारखं जोर लावतं.

मागे ड्रॉपआउट. उजव्या बाजूला चेनचा ओढा असतो, म्हणून तिथे आधी बघा. डिस्क ब्रेक असेल तर डाव्या बाजूला कॅलिपरच्या (ब्रेकच्या पकडीच्या) बुडापाशी सीट स्टे (सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणारी नळी) किंवा चेन स्टे तपासा. घाट उतरताना ब्रेकचा सगळा जोर त्या दोन-चार सेंटिमीटरवर येतो. मूळ फ्रेमला डिस्कची सोय नसताना बाहेरून पत्ती वेल्ड करून कॅलिपर लावलेला असेल, तर चीर शोधत बसण्याऐवजी तो कॅलिपर काढा. बॅटरीचं किट बसवलेल्या सायकलीत हब मोटरचा आस ड्रॉपआउटमध्ये फिरू पाहतो आणि अॅल्युमिनियमची खाच हळूहळू फाकते. तिथे टॉर्क आर्म (आस फिरू न देणारी पट्टी) नसेल तर आधी ती बसवा.

कॅरिअरवर भार वाहणाऱ्या सायकलींना सीट स्टेचं वरचं टोक, मधला पूल आणि कॅरिअरचे कान बघावे लागतात. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर म्हणजे १४.२ किलो गॅस आणि टाकीचं वजन मिळून सुमारे ३० किलो. दुधाचे कॅन, डबेवाल्यांचे डबे, पाण्याचे जार याच तऱ्हेचं ओझं. हा भार मागे आणि उंच असल्याने नुसता खाली दाबत नाही, प्रत्येक वळणावर फ्रेमला पीळ देतो. एका बाजूचा बोल्ट ढिला असेल तर दुसऱ्या बाजूचा कान आधी तुटतो. कान तुटलेला दिसला की समोरचाही तपासा.

शेवटी फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा. चिमट्याच्या डोक्यापाशी, पायांना वर जोड असतो तिथे, मागच्या बाजूला बघा. जुन्या पद्धतीच्या, आत घुसणाऱ्या स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या) सायकलीत आणखी एक लपलेली जागा आहे. स्टेमचा पाचर फोर्कच्या दांड्यात ज्या उंचीवर फाकतो तिथे वरून आटे पाडलेले असतील, तर आट्याच्या तळाशीच चीर सुरू होते. हँडल फार उंच केलं की हेच होतं. स्टेमवरची खूण आत बुडलेली असली पाहिजे.

कसं बघायचं

सायकल धुवा, चेनचं तेल उडालेल्या जागा रॉकेलने पुसा, कोरडी करा. बाटलीचे स्टँड, सीट पोस्ट, शक्य असेल तर क्रँकही काढा. मोबाइलचा टॉर्च नळीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. समोरून पाडलेल्या उजेडात चीर दिसत नाही. आडव्या उजेडात तिची सावली पडते. घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसं दहापट भिंग घ्या. वेल्डच्या मण्याच्या कडेने पूर्ण गोल फिरा. वेल्डमधली चीर बहुधा मण्यावर नसते, मणी संपून नळी सुरू होते त्या रेषेवर असते.

कापसाचा बोळा कडेवरून हलकेच फिरवला तर उघडलेल्या चिरेत धागे अडकतात. रंगाखालून स्टील चिरलं असेल तर धुतल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तांबूस रेघ उमटते, आणि हा फार खात्रीचा पुरावा आहे. अॅल्युमिनियममध्ये तीच रेघ करडी-काळी असते. चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासून निघालेली ती पूड असते. पुसली तरी पुढच्या राइडनंतर परत येते.

नुसता रंग फुटलाय की धातू, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. रंगाची भेग वेडीवाकडी, फांद्या फुटलेली, बऱ्याचदा खपल्या निघालेली असते. थकव्याची चीर एकटी, बारीक, सरळ किंवा वेल्डच्या कडेला धरून वळणारी, आणि नळीच्या लांबीला आडवी असते. शंका असेल तर चिरेच्या दोन्ही टोकांना सुईने बारीक खूण करा, फोटो काढा, आणि एक-दोन छोट्या, सपाट राइडनंतर परत बघा. खुणेपलीकडे गेली तर धातूच. हा प्रयोग फक्त स्टीलवर आणि फक्त मागच्या भागात करायचा. हेड ट्यूब, फोर्क, हँडल किंवा कुठल्याही अॅल्युमिनियमवर शंका आली तर न चालवता रंग काढून बघा. रंग काढायला पेंट रिमूव्हर लावा, ग्राइंडर नको. ग्राइंडर आणि सँडब्लास्टिंग दोन्ही मऊ धातू चिरेच्या तोंडावर ओढून ते बंद करतात, आणि नंतर कुठल्याच चाचणीत काही दिसत नाही.

रंग काढल्यावर सगळ्यात स्वस्त चाचणी रॉकेल आणि खडूची. जागेवर रॉकेल चांगलं मुरवा, पंधरा मिनिटं थांबा, कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा, वर खडूची पूड चोळा. चिरेत शिरलेलं रॉकेल खडूत परत येतं आणि ओली रेघ दिसते.

याचंच पक्कं रूप म्हणजे डीपी, डाय पेनिट्रंट. एमआयडीसीत वेल्डिंगची कामं करणाऱ्यांना ही नेहमीची आहे. तीन स्प्रे कॅनचा संच मिळतो: क्लीनर, लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर. हातमोजे घाला, जवळपास आग नको, खिडक्या उघड्या ठेवा.

१. क्लीनरने जागा स्वच्छ करा आणि पूर्ण सुकू द्या. तेल राहिलं तर रंग चिरेत शिरणार नाही.
२. लाल रंग मारा, १० ते १५ मिनिटं तसाच ठेवा. मध्येच वाळायला लागला तर परत मारा.
३. आधी कोरड्या फडक्याने पुसा, मग क्लीनरने ओलसर केलेल्या फडक्याने. क्लीनर थेट जागेवर कधीही मारू नका, तो चिरेतला रंगही धुऊन काढतो. ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.
४. डेव्हलपर नीट हलवा आणि २० ते ३० सेंटिमीटरवरून पातळ थर द्या. खालचा धातू अंधुक दिसेल इतकाच. जाड थराखाली बारीक चीर लपते.
५. लगेच बघायला सुरुवात करा आणि दहा मिनिटं बघत राहा.

चीर असेल तर पांढऱ्यावर धारदार लाल रेघ येते आणि पसरत जाते. वेल्डच्या लाटांमध्ये अडकलेला रंग फिकट, पसरट डाग देतो. त्याने फसू नका. खात्री नसेल तर धुऊन परत करा, खरी चीर त्याच जागी परत उमटते. कार्बनवर ही चाचणी करू नये.

फ्रेम वाकली आहे का, तेही याच बैठकीत बघून घ्या. मागच्या एका ड्रॉपआउटला दोरा बांधा, हेड ट्यूबवरून वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा. सीट ट्यूबपासून दोऱ्याचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. फरक २ मिमीपेक्षा जास्त असेल तर मागचा त्रिकोण वाकडा आहे. स्टील सरळ करता येतं. अॅल्युमिनियम वाकवून सरळ करायचा प्रयत्न करू नये.

फ्रेमपेक्षा आधी तुटणारे भाग

अॅल्युमिनियमचं हँडल स्टेमच्या क्लॅम्पच्या काठाला तुटतं. वर्षातून एकदा पुढचे बोल्ट काढून तिथे भिंगाने बघा, आणि टेप असेल तर ती सोडवून आत घामाने पांढरी बुरशीसारखी पूड आली आहे का तेही पाहा. बोल्ट स्टेमवर छापलेल्या आकड्याइतकेच आवळा. बऱ्याच स्टेमवर तो ५ न्यूटन-मीटर असतो. जोरात पडल्यावर हँडल बदलावं, सरळ दिसत असलं तरी. क्रँक पायडलच्या भोकापाशी चिरते, विशेषतः पायडलच्या कडेने क्रँकवर कोरलेल्या वर्तुळापासून. रिम स्पोकच्या भोकांभोवती तारेसारखी फुटते. सीट पोस्ट क्लॅम्पच्या मानेशी, सीटच्या सळया क्लॅम्पच्या कडेला. करकर आवाज आला की लोक बीबी बदलतात आणि आवाज तसाच राहतो. पोस्ट, पायडल आणि बीबी ग्रीस लावून परत बसवल्यावरही आवाज राहिला, तर तो फ्रेमचा आहे असं धरून शोधायला लागा.

किती वेळा

स्टीलची फ्रेम पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा. दुसऱ्या वेळी सीट पोस्ट काढून सायकल उलटी टांगा, पाणी निथळू द्या आणि आतून गंजविरोधी तेल मारा. बीबीखालचं निचऱ्याचं भोक चिखलाने बुजलेलं असतं, ते मोकळं करा. स्टीलच्या फ्रेममध्ये अॅल्युमिनियमची पोस्ट असेल तर भरपूर ग्रीस लावा, नाहीतर दोन धातू ओलाव्यात एकमेकांना धरून बसतात. अॅल्युमिनियमची फ्रेम दर २,००० किलोमीटरला किंवा तीन-चार महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा. भार वाहणारी कुठलीही सायकल दर महिन्याला. आणि कुठलीही फ्रेम मोठ्या धडकेनंतर लगेच, पुन्हा स्वार होण्याआधी.

जुनी सायकल विकत घेताना ताज्या पावडर कोटिंगला भुलू नका. हा थर जाड आणि लवचीक असतो, खालची चीर कित्येक महिने झाकून ठेवतो. मूळ रंग, ओरखड्यांसकट, जास्त प्रामाणिक असतो.

चीर सापडल्यावर

चालवणं त्याच क्षणी थांबवायचं. चिरेच्या टोकाला भोक पाडून ती थांबवायची युक्ती स्टीलमध्ये थोडा वेळ चालते, तीही सायकल घरी न्यायची एवढ्यापुरती, आणि हेड ट्यूब किंवा फोर्कवर कधीच नाही.

स्टील दुरुस्त होतं. पण चिरेवर नुसता वेल्डचा मणी ओढून ते होत नाही. पातळ नळीवर जाड सळईचं आर्क वेल्डिंग केलं की शेजारचा पट्टा बिघडतो आणि काही महिन्यांत दुसरी चीर त्या मण्याच्या कडेला जाते. योग्य पद्धत म्हणजे चीर पूर्ण कापून काढणं आणि नळी किंवा ड्रॉपआउट बदलून टिग वेल्ड (आरगॉन वायूच्या आवरणातलं बारीक वेल्ड) किंवा ब्रेझ (नळी न वितळवता पितळ किंवा चांदीच्या मिश्रधातूने जोड) करणं. पितळाने ब्रेझिंग करताना सुमारे ९०० अंश लागतात. चांदीच्या मिश्रधातूने ६५० ते ७०० अंशांत काम होतं, आणि पातळ क्रोमोलीला ते मानवतं. डीपी केली असेल तर वेल्डरला तसं सांगा. रंगाचा अंश राहिला तर वेल्डमध्ये छिद्रं पडतात. काम झाल्यावर त्याच जागी पुन्हा डीपी करून घ्या. जाड काळ्या सायकलीचा तुटलेला कॅरिअरचा कान मात्र कुठल्याही नीट हाताच्या वेल्डरकडून जोडून घ्यायला हरकत नाही.

टायटॅनियम फक्त त्याचंच काम करणाऱ्याकडे. अॅल्युमिनियमची मुख्य फ्रेम, फोर्क, क्रँक, हँडल वेल्ड करू नयेत. जोड दिसायला सुंदर येतो, पण भोवतीचा मऊ पट्टा पहिल्यापेक्षा लवकर जातो. वॉरंटी असेल तर बिल, सिरियल नंबर आणि चिरेचा जवळून काढलेला फोटो घेऊन दुकानात जा. नसेल तर चाकं, ब्रेक आणि बाकीचे सुटे भाग दुसऱ्या फ्रेमवर चढवा. उरलेली फ्रेम भंगारात देण्याआधी तिची डाऊन ट्यूब हॅकसॉने आरपार कापा, म्हणजे रंग मारून ती कुणाला पुन्हा विकली जाणार नाही.